आपले डोळे, आपले प्रश्न : मोतीबिंदू खरोखर ‘पिकतो’ का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मोतीबिंदूविषयीची आहेत आणि त्यांत एक क्रियापद पुन्हा पुन्हा भेटते, ते म्हणजे ‘पिकणे’. मोतीबिंदू पिकला का, किती पिकला, पिकायला अजून किती दिवस लागतील, असे वाचक विचारतात. या शब्दामुळे झाडावरच्या फळाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ठरावीक काळ गेला की ते तयार होणार आणि तोवर हात लावायचा नाही, अशी समजूत त्यातून रुजते. प्रत्यक्षात मोतीबिंदू एकाच वाटेने वाढत नाही आणि एकाच वेगानेही वाढत नाही. म्हणून या वेळी त्याच्या वाढीविषयीची पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. जवळचे वाचायला मला गेली वीस-बावीस वर्षे चष्मा लागत असे. वर्षभरापासून मात्र वर्तमानपत्रच काय, औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरेसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येतात आणि सुईत दोराही ओवता येतो. घरची मंडळी कौतुक करतात. लांबचे मात्र अंधुक दिसू लागले, म्हणून डोळे तपासले, तर मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे सांगण्यात आले. नजर सुधारत असताना मोतीबिंदू कसा होईल?

उत्तर : आपली नजर सुधारलेली नाही, ती जवळ सरकली आहे आणि तिला सरकवणारा हा मोतीबिंदूच आहे. हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी भिंगाची घडण पाहावी लागेल.

बाहुलीच्या लगेच मागे सुमारे ९ ते १० मिलिमीटर व्यासाचे आणि ४ ते ५ मिलिमीटर जाडीचे एक नितळ भिंग असते. त्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. एवढी दाटी असूनही ते पारदर्शक राहते, कारण ही प्रथिने अत्यंत नियमितपणे रचलेली असतात. पारदर्शकतेसाठी भिंगाने मोठी किंमत मोजलेली असते. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, आणि आतल्या पेशींनी तर आपले केंद्रकसुद्धा टाकून दिलेले असते. परिणामी खराब झालेले प्रथिन काढून त्या जागी नवे बनवण्याची सोय या पेशींना उरत नाही. त्वचा जुन्या पेशी बाहेर झटकून टाकते, पण भिंग बंद आवरणात असल्याने त्याला काहीच टाकता येत नाही. आयुष्यभर बाहेरच्या बाजूला नवे थर चढत राहतात आणि जुने थर आत दाबले जातात. म्हणजे आपल्या भिंगाच्या अगदी मध्यभागी असलेली प्रथिने आपल्या जन्माच्याही आधी तयार झालेली आहेत आणि तेव्हापासून त्यांची बदली झालेली नाही.

या प्रथिनांवर प्रकाशाचा आणि ऑक्सिडीकरणाचा मारा सतत चालू असतो. विस्कटू लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवण्याचे काम अल्फा क्रिस्टॅलिन नावाचे एक प्रथिन करते, पण गाभ्यातला त्याचा साठा उतारवयापर्यंत संपत येतो. ऑक्सिडीकरण रोखणारे ग्लूटाथायोनही वय वाढते तसे गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचेनासे होते. मग प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात, ते प्रकाश इकडेतिकडे विखुरतात, आणि गाभा पिवळसर, पुढे तपकिरी होत जातो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे किंवा बाहेरून चढलेले जाळेही नव्हे. तो भिंगातच झालेला बदल आहे, म्हणून तो पुसून, धुऊन किंवा खरवडून निघत नाही.

आता आपल्या सुईदोऱ्याकडे येऊ. गाभा घट्ट होऊ लागला की प्रकाश वळवण्याची त्याची शक्ती वाढते आणि डोळा ऱ्हस्वदृष्टीकडे झुकतो, म्हणजे उणे नंबर येऊ लागतो. आपला वाचनाचा नंबर अधिक अडीचच्या आसपास असेल आणि भिंगाची शक्ती साधारण तेवढीच वाढली असेल, तर वाचनाच्या अंतरावर चष्म्याचे काम भिंगच करू लागते. जुने डॉक्टर याला ‘दुसरी दृष्टी’ म्हणत. नाव गोड आहे, पण ही दृष्टी टिकत नाही. गाभा आणखी गढूळ झाला की जवळचेही धूसर होते. सध्या आपल्याला लांबचे पाहण्यासाठी उणे नंबरचा चष्मा चालेल. त्याचा नंबर काही महिन्यांनी पुन्हा बदलला तर आश्चर्य वाटून घेऊ नये आणि दर वेळी महागडी चौकटही घेऊ नये. केवळ सुरुवात झाली आहे एवढ्या कारणाने शस्त्रक्रियेची घाई करण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : वडिलांचे वय ७३ आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण उजव्या डोळ्यातला दीड वर्षात झपाट्याने वाढला आणि डाव्यातला होता तेवढाच आहे. उजव्या डोळ्याच्या आतली जेली काढून पडद्याची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली आहे. दोन डोळ्यांत एवढा फरक का? मोतीबिंदू किती टक्के झाला आहे हे कोणी नीट सांगत नाही. पूर्ण व्हायला साधारण किती महिने लागतील?

उत्तर : टक्केवारीपासून सुरुवात करतो, कारण तपासणीच्या खोलीत हा प्रश्न मला रोज विचारला जातो. मोतीबिंदू टक्क्यांत मोजण्याचे कोणतेही माप नाही. ‘चाळीस टक्के’ असे कोणी सांगितले असेल तर तो समजुतीसाठी वापरलेला अंदाज समजावा. डॉक्टर बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पच्या प्रकाशरेषेत भिंगाचा जणू उभा छेद पाहतात आणि गाभ्याचा रंग व गढूळपणा, कडेचे पट्टे आणि मागच्या पृष्ठावरचा डाग यांना वेगवेगळी श्रेणी देतात. संशोधनात यासाठी ठरावीक छायाचित्रांशी तुलना करण्याची पद्धत आहे आणि तिची १९९३ मधील आवृत्ती आजही वापरली जाते. त्यातही एकच एकूण आकडा निघत नाही.

एक आकडा न निघण्याचे कारण असे की मोतीबिंदू भिंगात कुठे आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. गाभ्यातला मोतीबिंदू संथ असतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू गडद होतो. बाह्यस्तरातला मोतीबिंदू पाण्याच्या बारीक फटींपासून सुरू होतो. चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे पट्टे कडेकडून मध्याकडे सरकतात आणि जोवर ते परितारिकेच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, आड असतात, तोवर माणसाला पत्ताही लागत नाही. एखादा आरा बाहुलीसमोर आला की रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना लांबलचक फटकारे फुटतात, किंवा एकाच डोळ्याने पाहतानाही चंद्र दोन दिसतात. तिसरा प्रकार भिंगाच्या मागच्या आवरणालगतचा. तो सर्वांत उतावळा असून काही महिन्यांतच कामे अडवू शकतो. अनेकांच्या भिंगात हे प्रकार एकत्र नांदतात.

आपल्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचे कारण मात्र आपल्याच पत्रात आहे. डोळ्याच्या पोकळीतली जेली ऑक्सिजनला भिंगापर्यंत फारसे पोहोचू देत नाही. ती काढल्यावर भिंगामागचा ऑक्सिजन वाढतो आणि गाभ्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊ लागते. पन्नाशीनंतर अशी शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य डोळ्यांत साधारण दोन वर्षांत गाभ्याचा मोतीबिंदू लक्षात येण्याइतका वाढतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेत काही चूक झाली असा याचा अर्थ नाही. ती न करता पडदा गमावण्यापेक्षा हा परिणाम पत्करणे केव्हाही बरे. डाव्या डोळ्यात हे कारण नसल्याने तो आपल्या संथ गतीने चालला आहे.

महिन्यांचा हिशेब कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही, आणि तो मागण्याची गरजही नाही. वडिलांना जिना उतरताना शेवटची पायरी दिसते का, औषधाच्या दोन सारख्या बाटल्या ओळखता येतात का, समोरून येणाऱ्याचा चेहरा जवळ येण्याआधी कळतो का, हे त्यांनाच विचारा. या गोष्टी अडू लागल्या की शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ झाली असे समजावे.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. संधिवातासाठी तीन वर्षांपासून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. भर उन्हात मला जवळजवळ काहीच नीट दिसत नाही, तिन्हीसांजेला मात्र बरे दिसते. वाचनही जड जाते. तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली, म्हणून डोळे उत्तम असल्याचे सांगून मला परत पाठवले. हा माझ्या मनाचा खेळ आहे का?

उत्तर : मनाचा खेळ नसावा. आपण केलेले वर्णन भिंगाच्या मागच्या आवरणालगतच्या मोतीबिंदूशी तंतोतंत जुळते आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे हे त्याचे ठाऊक असलेले कारण आहे. गोळ्याच नव्हे, तर महिनोन्महिने डोळ्यांत घातलेले स्टिरॉइडचे थेंबसुद्धा तो घडवू शकतात. या प्रकारात डाग लहान असतो, पण तो बरोबर प्रकाशाच्या वाटेवर मध्यभागी बसतो. उन्हात बाहुली आकसते आणि उरलेली सगळी खिडकी त्या डागानेच व्यापली जाते. संध्याकाळी बाहुली पसरली की डागाच्या बाजूने प्रकाश आत शिरतो. वाचतानाही बाहुली आकसते, म्हणून वाचन जड जाते. अंधाऱ्या खोलीत उजळलेला तक्ता वाचताना बाहुली मोठी असते, त्यामुळे डोळा परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि रस्त्यावर नापास.

बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या आणि झगझगीत प्रकाशात नजर किती घसरते हेही पाहायला सांगा. त्याच वेळी डोळ्यातला दाबही मोजून घ्यावा, कारण हीच औषधे दाब वाढवून काचबिंदू आणू शकतात. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. ते जिवावर बेतू शकते. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे संधिवाताच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

प्रश्न : मला मधुमेह आहे. चष्म्याचा नंबर दर दोन-तीन आठवड्यांनी बदलतो, चष्मेवाले वैतागले आहेत. हा मोतीबिंदू असेल का?

उत्तर : नंबर असा मागे-पुढे होत असेल तर दोष बहुधा साखरेच्या चढउताराचा आहे. रक्तातली साखर वाढली की ती भिंगातही शिरते आणि तिचा काही भाग सॉर्बिटॉलमध्ये बदलतो. सॉर्बिटॉलला पेशीतून सहजी बाहेर पडता येत नाही, ते पाणी ओढून घेते, भिंग फुगते आणि नंबर बदलतो. साखर उतरली की फुगवटाही ओसरतो. म्हणून साखर काही आठवडे स्थिर राहिल्याशिवाय नवा चष्मा करू नये. अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली तर मात्र भिंगाच्या पेशी कायमच्या बिघडतात, आणि मधुमेहींत मोतीबिंदू लवकर येण्याचे हे एक कारण आहे. आपण आणखी एक गोष्ट करावी. भिंग अजून नितळ आहे तोवर दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी, कारण मोतीबिंदू दाट झाल्यावर मागचा पडदा डॉक्टरांना नीट दिसत नाही.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांच्या डाव्या डोळ्याची बाहुली वर्षभरापासून पांढरी दिसते. पूर्ण पिकल्यावरच काढायचा असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असल्याने आम्ही थांबलो होतो. परवा रात्रीपासून डोळा लालभडक झाला आहे, डोळा आणि त्याच बाजूचे डोके असह्य दुखते आणि दोनदा उलटी झाली. काय करावे?

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पत्र मिळताच या वाचकांना त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठण्यास कळवण्यात आले. इतरांसाठी कारण सांगणे आवश्यक आहे.

पुढे गेलेला मोतीबिंदू कधीकधी पाणी शोषून फुगतो. फुगलेले भिंग परितारिकेला पुढे ढकलते, डोळ्यात सतत तयार होणाऱ्या पाण्याची निचऱ्याची वाट बंद होते आणि दाब काही तासांत भयानक वाढतो. याहूनही जुन्या मोतीबिंदूत बाह्यस्तर वितळून दुधासारखा पातळ होतो आणि त्यात कठीण तपकिरी गाभा खडा बुडावा तसा तळाशी बसतो. आवरणातून झिरपलेली प्रथिने निचऱ्याची जाळी तुंबवतात आणि पुन्हा दाब वाढतो. दोन्ही प्रकारांत दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, दाबाखाली मरते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येते, पण दृष्टिचेता मेल्याने गेलेली दृष्टी येत नाही.

वडीलधाऱ्यांना मात्र दोष देऊ नये. त्यांच्या तरुणपणी ‘पिकू द्या’ हाच सल्ला डॉक्टर देत असत. फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये मोतीबिंदू डोळ्याबाहेर काढून दाखवला, त्यानंतर दोन शतके मोठी चीर, अनेक दिवसांची अंथरुणातली विश्रांती आणि शेवटी जाड भिंगांचा चष्मा हेच रुग्णाच्या वाट्याला येई. एवढे सोसायचे तर दृष्टी पुरती अडल्यावरच सोसावे, असा तो हिशेब होता, आणि त्या काळी तो बरोबरही होता. पुढे १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी श्राव्यातीत कंपनांनी गाभा फोडून शोषून घेण्याची, म्हणजे फेकोची, पद्धत आणली. आज चीर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. आता हिशेब उलटा झाला आहे. गाभा जितका कठीण, तितकी तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या थरातील पेशींना तितकी अधिक इजा होते. त्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. ‘मोतीबिंदू’ हे नाव ज्या मोत्यासारख्या पांढऱ्या ठिपक्यावरून पडले, तो ठिपका दिसेपर्यंत थांबणे म्हणजे आज फार उशीर करणे होय.

प्रश्न : मोतीबिंदू विरघळवणारे थेंब मिळतात असे ऐकले. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तो थांबतो का? मोबाइलने वाढतो का?

उत्तर : तिन्हींचे उत्तर नाही असे आहे. लॅनोस्टेरॉल या द्रव्याने कुत्र्यांच्या भिंगातला गढूळपणा कमी झाल्याचा अहवाल २०१५ मध्ये आला आणि बरीच आशा निर्माण झाली, परंतु माणसाचा मोतीबिंदू नाहीसा करणारे सिद्ध झालेले औषध अद्याप नाही. जीवनसत्त्व ‘सी’, ‘ई’ आणि बीटा कॅरोटिन यांच्या मोठ्या मात्रांचा अमेरिकेतील एका दीर्घ चाचणीत मोतीबिंदूच्या वाढीवर परिणाम आढळला नाही, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मोबाइलने डोळे शिणतात, कोरडे होतात, पण मोतीबिंदू होत नाही. आपल्या हातात असलेल्या गोष्टी फारशा आकर्षक नाहीत. धूम्रपान सोडावे, कारण त्याचा गाभ्याच्या मोतीबिंदूशी संबंध पक्का आहे. प्रखर उन्हात अतिनील किरण अडवणारा चष्मा आणि रुंद काठाची टोपी वापरावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. आता त्याच डोळ्याला पुन्हा धुके दिसते. मोतीबिंदू परत आला का?

उत्तर : तो परत येत नाही, कारण गढूळ होणारे भिंगच आता डोळ्यात नाही. शस्त्रक्रियेत भिंगाचे मागचे पातळ आवरण मुद्दाम राखले जाते आणि नवे भिंग त्याच पिशवीत बसवले जाते. कडेला उरलेल्या काही पेशी पुढे या आवरणावर पसरतात आणि ते धूसर होते. तपासणीत हेच कारण आढळले तर लेसरने त्या आवरणाला मध्यभागी छिद्र करतात. त्याला काही मिनिटे लागतात आणि चीर द्यावी लागत नाही. मात्र त्यानंतर डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा विजेसारख्या चमका दिसल्या तर लगेच दाखवावे.

प्रश्न : महिन्यापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, असे सांगतात. गंमत अशी की धुतलेली पांढरी चादर उजव्या डोळ्याने निळसर पांढरी दिसते आणि डाव्याने जुन्या कागदासारखी पिवळट. माझा कोणता डोळा खरे सांगतो?

उत्तर : उजवा. पिवळा झालेला गाभा प्रथम निळे आणि जांभळे किरण गाळतो. हा बदल इतक्या संथपणे होतो की मेंदू दर वेळी पांढऱ्याची व्याख्याच बदलून घेतो, त्यामुळे दोन्ही डोळे सारखेच पिवळे होत असताना कोणाची तक्रार येत नाही. तुलनेला एक स्वच्छ डोळा मिळाला की मगच उलगडा होतो. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले, आणि त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत तांबडे-तपकिरी रंग गडद होत गेले. नळ्यांवरची नावे वाचून ते रंग निवडत असत. १९२३ मध्ये एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनाही दोन डोळ्यांतला रंगांचा फरक फार त्रास देत होता.

आपल्याला नवे भिंग निळसर वाटते ते काही आठवड्यांत, मेंदू सरावला की, कमी जाणवेल. डाव्या डोळ्याचा पिवळेपणा मात्र वाढतच राहील. दर दोन-तीन महिन्यांनी तीच चादर, त्याच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात एकेक डोळा झाकून पाहत जा आणि फरक वाढला तर पुढच्या तपासणीच्या वेळी तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. तक्त्यावरच्या काळ्या अक्षरांत तो कळत नाही.